हेअर वीव्हिंग करून घेण्यापूर्वी आणि नंतर: काठचे केस सांभाळण्याची पायरी-पायरीने माहिती

टक्कल झाकण्यासाठी हेअर वीव्हिंग करून घेण्याचा तुमचा विचार असेल किंवा नुकतेच करून घेतले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी स्वतः काही वर्षांपासून वीव्हिंग वापरतो. सलूनमध्ये पॅचची (म्हणजे टकलावर बसवायच्या, जाळीवर केस ओवलेल्या तुकड्याची) घनता, केसांचा रंग आणि हप्त्यांची सोय यांवर भरपूर बोलणे होते, पण पॅच ज्यांच्या आधारावर टिकतो त्या काठच्या स्वतःच्या केसांविषयी फारसे कोणी सांगत नाही, असा माझा अनुभव आहे. वीव्हिंगमध्ये टकलाच्या कडेने उरलेल्या केसांची बारीक वेणी घालून एक सलग ट्रॅक तयार करतात आणि पॅचचा काठ अर्धगोल सुईने, दोऱ्याचे टाके घालून, त्या ट्रॅकला शिवतात. त्यामुळे पॅचचे वजन, अंघोळीनंतरचे वाढलेले ओले वजन, झोपेतील ओढ आणि हेल्मेटचे घर्षण हे सारे काठच्या केसांच्या मुळांवर येते. ते केस टिकले, तर वीव्हिंग अनेक वर्षे चालू शकते. ते गेले, तर टक्कल आणखी रुंद होते आणि पुढचा पॅच शिवायला आधारच राहत नाही.

१. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून टाळू तपासून घ्या

केस कशामुळे गेले आहेत, हे कळल्याशिवाय पॅच शिवून घेऊ नका. पुरुषांमध्ये बहुतेक वेळा कारण आनुवंशिक असते आणि त्यात कानांच्या वरचे व मागचे केस मजबूत राहतात. वीव्हिंगला लागणारा काठ तो हाच. परंतु मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस भराभर गळतात, ते बहुधा काही महिन्यांत आपोआप परत येतात. अशा वेळी पॅच शिवणे म्हणजे परत येऊ घातलेल्या केसांवर ओढ लादणे होय. थायरॉइडचा विकार आणि शरीरातील लोहाची कमतरता यांमुळेही केस विरळ होतात, म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) यांची रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.

चाई पडली असेल, तर नवे चट्टे कुठे येतील याचा अंदाज नसतो आणि आज निवडलेला काठ उद्या रिकामा होऊ शकतो. काही आजारांत केसांची मुळे नष्ट होऊन टाळूवर व्रण राहतो. त्या वेळी उपचारांना झालेला उशीर भरून निघत नाही. सोरायसिस, चिकट कोंडा, बुरशी किंवा पुळ्या असतील, तर आधी त्या बऱ्या होऊ द्या. केमोथेरपी चालू असताना टाके घालून बसवलेला पॅच टाळावा. त्या काळात सहज काढता येणारा विग अधिक सुरक्षित असतो.

आणखी एक गोष्ट याच भेटीत स्पष्ट करून घ्या. मिनॉक्सिडिलसारखे केस वाढवणारे औषध सहसा टाळूला थेट लावावे लागते आणि त्याचा परिणाम दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात. पॅचखाली झाकलेल्या भागावर ते नीट लावता येत नाही. टक्कल नुकतेच सुरू झाले असेल आणि औषधाने केस टिकण्याची शक्यता डॉक्टरांना वाटत असेल, तर ती संधी आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पॅच नंतर केव्हाही शिवता येतो.

२. वीव्हिंग तुमच्यासाठी योग्य आहे का, ते ठरवा

पॅच बसवण्याचे चार प्रचलित मार्ग आहेत: वीव्हिंग, गोंदाने बाँडिंग, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि क्लिप. क्लिपचा पॅच रात्री काढून ठेवता येतो. टेप आणि गोंद लावण्यासाठी बहुधा काठाची त्वचा भादरावी लागते आणि काहींना गोंदाची ॲलर्जी होते. वीव्हिंगमध्ये रसायन टाळूला लागत नाही, केस भादरावे लागत नाहीत आणि पॅच अचानक निघण्याची भीती जवळजवळ नसते. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: तो स्वतःच्या हाताने काढता येत नाही आणि दर महिन्याच्या आसपास सलूनला जावेच लागते.

सतत फिरतीची नोकरी असेल, बोटीवर किंवा दूरच्या प्रकल्पस्थळी महिनोन्महिने राहावे लागत असेल, तर क्लिप किंवा टेप बरी. रोज पोहणाऱ्यांनाही मी वीव्हिंग सुचवणार नाही. कपाळाजवळचा पुढचा काठ हा वीव्हिंगचा कच्चा दुवा आहे, कारण तिथे शिवायला केसच नसतात. बहुतेक सलूनमध्ये तो भाग टेपने किंवा थोड्या गोंदाने धरतात. “शंभर टक्के वीव्हिंग” असे सांगितले गेले, तर पुढचा काठ कशाने धरणार, हे नेमके विचारा. गोंद वापरणार असतील, तर आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबा.

३. केस आणि बेस पारखून घ्या

पॅचचे केस मानवी असतील, तर ते कोठून आले यापेक्षा कसे गोळा केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. तिरुमलासारख्या देवस्थानांत भाविक मुंडन करतात आणि देवस्थान ते केस लिलावाने विकते. हे केस एकाच वेळी कापलेले असल्यामुळे त्यांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला ठेवता येतात. केसाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले एकाच दिशेने राहिले, की केस एकमेकांत अडकत नाहीत. अशा मालाला बाजारात रेमी म्हणतात. दुसरा माल फणीला निघालेल्या केसांचा असतो, जो आपल्याकडे केसांच्या बदल्यात भांडी देणारे फेरीवाले दारोदार गोळा करतात. त्यात मुळे आणि टोके मिसळलेली असतात, म्हणून आम्लाने खवले काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात हे केस फार चमकदार दिसतात. काही वेळा धुतल्यावर थर जातो आणि मग गुंता सुटता सुटत नाही. हा गुंता विंचरताना बसणारा प्रत्येक हिसका शेवटी काठच्या केसांनाच बसतो. म्हणून केसांची प्रत हा माझ्या मते दिसण्यापेक्षा टिकण्याचा प्रश्न आहे.

पारख सोपी आहे. एक केस दोन बोटांत धरून आधी मुळाकडून टोकाकडे आणि मग उलट बोटे फिरवा. उलट दिशेला किंचित खरखर जाणवली, तर खवले शाबूत आहेत. एखादा सुटा केस जाळून पाहा. मानवी केस जळून त्याची चुरगळणारी राख होते आणि ओळखीचा वास येतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. कृत्रिम केसांना ड्रायरची उष्णता सोसत नाही.

बेस म्हणजे ज्या जाळीवर केस ओवलेले असतात तो भाग. मोनो म्हणजे बारीक, मजबूत धाग्याच्या जाळीचा बेस टिकाऊ असतो आणि टाके चांगले धरतो. लेस हवेशीर आणि नैसर्गिक दिसणारी, पण नाजूक असते. पातळ पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) बेस स्वच्छ करायला सोपा, परंतु त्यातून हवा खेळत नाही. मुंबई, कोकण आणि गोवा या दमट पट्ट्यात राहत असाल, तर मधला भाग जाळीचाच घ्या. काठाला पीयूची अरुंद पट्टी असली तरी चालते.

घनतेच्या बाबतीत मोहात पडू नका. नव्या ग्राहकाला हमखास दाट केस हवे असतात आणि विक्रेता ते आनंदाने देतो. दाट पॅच जड असतो, ओला झाल्यावर आणखी जड होतो आणि वयाला शोभत नाही. तुमच्या कानांवरचे केस जितके दाट आहेत, त्यापेक्षा किंचित कमी घनता मागा. पॅचची लांबीही बेताचीच ठेवा.

४. पैशांचा हिशेब आणि कागदपत्रे

पहिल्या दिवशी सांगितली जाणारी रक्कम ही खर्चाची केवळ सुरुवात असते. दर महिन्याची सर्व्हिसिंग (पॅच उसवून, टाळू स्वच्छ करून परत शिवणे), वेळोवेळी लागणारा नवा पॅच, शाम्पू-कंडिशनर आणि सलूनपर्यंतचा प्रवास धरून तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. एक पॅच किती काळ टिकेल, हे केसांची प्रत, घाम आणि निगा यांवर अवलंबून असते, पण दर वर्षी निदान एक नवा पॅच लागेल असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. वर्षभराच्या सर्व्हिसिंगचे पॅकेज स्वस्त दिसते, तरी पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंगचे पैसे सुटे द्या आणि हात कसा आहे ते पाहून मगच पॅकेज घ्या. माझ्या ओळखीच्या एकाने वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि काही महिन्यांतच ते दुकान बंद झाले.

सोबत नेण्याच्या आणि मागून घेण्याच्या गोष्टी अशा:

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ततपासणीचे अहवाल.
- टाळूची चारही बाजूंनी, चांगल्या उजेडात काढलेली छायाचित्रे. पुढे काठ मागे सरकतो आहे का, हे याच छायाचित्रांवरून कळेल.
- जीएसटीसह पक्के बिल, ज्यावर केसांचा प्रकार, बेसचा प्रकार, आकार आणि रंगाचा क्रमांक लिहिलेला असेल.
- वॉरंटीच्या अटी लेखी स्वरूपात: केस गळणे, रंग उतरणे आणि बेस फाटणे यांपैकी काय धरले आहे आणि काय नाही.
- पॅकेज घेतल्यास सर्व्हिसिंगची संख्या, मुदत आणि पैसे परत मिळण्याची अट.

पक्के बिल असेल, तर फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहा.

५. शिवण्याचा दिवस

आदल्या दिवशी केस स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा आणि तेल लावू नका. ट्रॅक कुठून जाणार, हे शिवण्यापूर्वी आरशात पाहा. काठाच्या अगदी कडेचे केस बारीक आणि अशक्त असतात. त्यांवर वेणी घातली, तर टक्कल सर्वांत आधी तिथेच वाढते. त्यामुळे ट्रॅक कडेपासून थोडा आत, निरोगी केसांत घ्यायला सांगा. एका वेणीत मूठभर केस घेतले, तर ओढ वाटली जाते. दोन-चार केसांवर गाठ मारली, तर ते केस मुळासकट येतात.

शिवताना दाब जाणवणे साहजिक आहे, दुखणे नाही. भुवया वर ओढल्यासारख्या वाटणे, ट्रॅकलगतची त्वचा उचललेली दिसणे, डोके टेकवताच ठणका लागणे, ही टाके फार घट्ट असल्याची लक्षणे आहेत. “दोन दिवसांत सवय होईल” हे उत्तर स्वीकारू नका आणि वेदनाशामक गोळी घेऊन घरी जाऊ नका. त्याच खुर्चीत बसून टाके सैल करून घ्या. सतत ओढ बसल्याने होणाऱ्या केसगळतीला डॉक्टर ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. ती लवकर ओळखली, तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षे चालू राहिली, तर मुळे कायमची नष्ट होतात.

६. पहिले काही दिवस

पहिले दोन दिवस टाळूला किंचित ताण जाणवेल. झोपेत पॅच निघेल की काय, ही धास्ती सर्वांनाच वाटते, पण नीट शिवलेला पॅच झोपेत निघत नाही. उशीला साटिनचा अभ्रा घातल्यास घर्षण कमी होते. ट्रॅकवर पांढऱ्या पुळ्या, चिकट स्राव किंवा कानामागे दुखरी गाठ दिसल्यास मलम शोधत बसू नका. पॅच उसवून घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

७. धुणे आणि वाळवणे

आठवड्यातून दोनदा धुणे बहुतेकांना पुरते. घाम फार येत असेल, तर मध्ये एकदा नुसत्या पाण्याने टाळू स्वच्छ करावी. लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: निमुळत्या तोंडाची प्लास्टिकची बाटली, सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू, कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, मऊ सुती पंचा आणि थंड हवेची सोय असलेला ड्रायर.

आधी कोरडे असतानाच टोकांपासून वरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने गुंता सोडवा आणि विंचरताना दुसऱ्या हाताने मुळाशी पॅच धरून ठेवा. बाटलीत एक भाग शाम्पू आणि चार-पाच भाग पाणी घालून हे मिश्रण ट्रॅकच्या कडेने आणि बेसच्या जाळीतून टाळूवर सोडा. नखे न लावता बोटांच्या पेरांनी हलके दाबत स्वच्छ करा. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, पाणी कपाळाकडून मागे एकाच दिशेने वाहू द्या. शाम्पू निघून गेला, याची खात्री होईपर्यंत धुवा, कारण जाळीखाली राहिलेला शाम्पू हे खाज सुटण्याचे सर्वसाधारण कारण आहे. कंडिशनर फक्त पॅचच्या केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावा. तो जाळीवर पोहोचला, तर केसांच्या गाठी सैल होतात. ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणी येते, त्यांनी शेवटचा तांब्या तरी शुद्ध केलेल्या पाण्याचा घ्यावा.

वाळवण्यात कसूर होता कामा नये. पंचाने चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग थंड हवेचा ड्रायर ट्रॅक आणि बेसवर फिरवा आणि बोटाला ओल लागेनाशी होईपर्यंत थांबा. वरचे केस वाळले, तरी वेणी बराच वेळ आतून ओली असते. ओल्या वेणीने झोपल्यास दोन-तीन वेळांतच कुबट वास आणि खाज सुरू होते. म्हणून केस रात्री न धुता सकाळी धुवावेत, विशेषतः पावसाळ्यात.

तेलाविषयी एक शब्द. आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोळण्याची सवय खोलवर रुजलेली असते. पॅचखाली ते धूळ आणि मृत त्वचेसह साचते आणि कोंडा वाढवते, म्हणून टाळूला तेल लावणे बंद करावे. पॅचच्या केसांना मात्र टाळूचे नैसर्गिक तेल मिळत नसल्यामुळे ते कोरडे पडतात. त्यांच्या टोकांना दोन थेंब खोबरेल लावायला हरकत नाही.

८. सर्व्हिसिंग वेळेवर करा

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. वेणी त्यांच्याबरोबर वर सरकते, पॅच टाळूपासून सुटतो आणि हलू लागतो. हलणारा पॅच प्रत्येक हालचालीला मुळांवर झटका देतो. म्हणून तीन ते पाच आठवड्यांत पॅच उसवून, टाळू स्वच्छ करून, नवीन ट्रॅकवर शिवणे आवश्यक आहे. “अजून धरून आहे” म्हणून दोन-दोन महिने ओढत नेणाऱ्यांचा काठ सर्वांत लवकर विरळ होतो.

पॅच उसवल्यावर मोकळ्या वेणीतून केसांचा पुंजका निघतो. तो पाहून घाबरू नका. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते आणि वेणीत अडकलेले गळके केस महिनाभर तिथेच राहून एकदम बाहेर येतात. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: काठावर तुटके, आखूड केस दिसणे, ट्रॅकच्या रेषेत त्वचा चमकदार दिसणे, एका बाजूचा काठ दुसरीपेक्षा मागे सरकणे. दर सर्व्हिसिंगला पॅच बाजूला असताना काठाचा फोटो काढा आणि जुन्या छायाचित्राशी ताडून पाहा.

शक्य असेल, तेव्हा उसवलेला पॅच त्याच दिवशी परत शिवू नका. एक रात्र तरी टाळू मोकळी ठेवा, घरी मनसोक्त धुवा आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास केटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू तेव्हाच वापरा. दर वेळी ट्रॅक त्याच केसांवर घेऊ नये, थोडा वर-खाली करावा. आनुवंशिक टक्कल वयाबरोबर वाढत असते, म्हणून नवा पॅच मागवताना माप नव्याने घ्यायला लावा. जुन्याच मापाचा पॅच विरळ झालेल्या काठावर ताणून शिवणे हा सलूनचा वेळ वाचवणारा आणि तुमचे केस घालवणारा प्रकार आहे. सुई आणि कात्री निर्जंतुक केलेली आहे का, हेही विचारण्यात संकोच बाळगू नका.

९. हेल्मेट, पोहणे, रंग आणि ऊन

केस विस्कटतात म्हणून हेल्मेट टाळणारे मी पाहिले आहेत, आणि याबाबत माझे म्हणणे स्पष्ट आहे: हेल्मेट घालायचेच. आत पातळ सुती टोपी घाला, हेल्मेट सरळ वरून घाला आणि काढताना मागे न घासता सरळ वर उचला. मुक्कामी पोहोचल्यावर टोपी वाळत घाला.

तलावातील क्लोरीन आणि समुद्राचे खारे पाणी पॅचचे केस रुक्ष करतात. पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने केस भिजवा आणि बाहेर येताच धुवा. रंगपंचमीला बेसमध्ये मुरलेला रंग निघत नाही, टोपीशिवाय खेळू नका. उन्हाने पॅच काही महिन्यांत तांबूस होतो. त्याला रंग लावायचा असेल, तर पॅच उसवलेला असताना आणि डोक्यापासून दूर ठेवूनच लावा.

१०. दवाखाना, घर आणि विधी

घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, की पॅच टाक्यांवर आहे आणि तातडीच्या वेळी दोरा कापून तो काढता येतो. डोक्याला मार लागल्यास डॉक्टरांना टाळू दिसणे आवश्यक असते. एमआरआय किंवा शस्त्रक्रियेपूर्वी कर्मचाऱ्यांना पॅचविषयी सांगा, त्यात धातूची क्लिप असेल तर विशेष करून. ईईजी या मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीत टाळूला तारा लावाव्या लागतात, त्यामुळे पॅच काढूनच जावे लागते. घरात मुलांकडून उवा आल्या, तरी पॅच काढल्याशिवाय इलाज होत नाही.

घरातील निधनानंतर क्षौर करण्याची रीत तुमच्याकडे असेल, तर तेव्हा पॅच शिवायला काठच राहत नाही आणि केस पुरेसे वाढेपर्यंत काही महिने वीव्हिंग करता येत नाही. त्या दिवसांत धावपळीने निर्णय घ्यावा लागू नये, म्हणून घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवावे.

११. थांबायचे असेल तेव्हा

काठ विरळ होऊ लागला, वारंवार पुळ्या येऊ लागल्या किंवा सर्व्हिसिंगचा खर्च आणि वेळ नकोसा झाला, तर वीव्हिंग थांबवता येते. टाके घरी कापू नका. मागच्या बाजूला दिसत नाही आणि दोऱ्याबरोबर वेणीही कापली जाते. सलूनमध्ये उसवून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना काठ दाखवा. ओढीमुळे विरळ झालेला भाग भरून येणार असेल, तर त्यालाही काही महिने लागतात आणि त्या काळात घट्ट टोपी, टेप किंवा गोंद यांपैकी काहीही त्या भागावर नको.

पुढे केशरोपण करायचे असेल, तर रोपणासाठीचे केस डोक्याच्या मागून आणि बाजूंनी घेतात, आणि वीव्हिंगचा ट्रॅक त्याच भागाच्या वरच्या कडेने गेलेला असतो. म्हणून सल्लामसलतीला जाताना काठाचे सर्व जुने फोटो तारखांसह सोबत न्या आणि तपासणीच्या निदान काही आठवडे आधी पॅच काढून ठेवा, म्हणजे त्या भागाची खरी घनता डॉक्टरांना मोजता येईल.